गोखल्यांचे हरलेले बिल : १३ विरुद्ध ३८

गुहागरी (धागाकर्ता)

गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की शाळेत पाठ केलेल्या तीन गोष्टी पटकन आठवतात : गांधीजींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाज आणि कपाळावर बसलेला ‘मवाळ’ हा शिक्का. ज्या कामात त्यांची उमेदीची वर्षे गेली, ते कायदेमंडळातले काम ‘अभ्यासपूर्ण भाषणे करीत’ एवढ्या एका ओळीत उरकले जाते. मला त्या ओळीचा राग आहे, म्हणून हा धागा.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १९०१ मध्ये फिरोजशहा मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. १९१५ मध्ये वारले तोवर तिथेच होते. या सगळ्या काळात सरकारी सभासदांची संख्या इतकी, की सरकारला नको असलेली कोणतीही सूचना पडणारच. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभासद वाढले, ठराव मांडायची मुभा मिळाली, पण वरिष्ठ कायदेमंडळात सरकारी बहुमत जाणूनबुजून कायम ठेवले गेले. म्हणजे गोखले बोलायला उभे राहत तेव्हा निकाल आधीच लागलेला असे.

अशा ठिकाणी माणूस दोनच गोष्टी करतो. एकतर वर्तमानपत्रासाठी बोलतो किंवा बोलणे सोडून देतो. गोखल्यांनी तिसरीच वाट धरली. समोरच्या कायद्याचे एकेक कलम हातात घेऊन, ‘हे असे केलेत तर प्रत्यक्षात काय होईल’ हे सरकारच्याच आकड्यांतून मांडायचे, आणि ते दप्तरात नोंदले जाईल याची व्यवस्था करायची.

सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल. मार्च १९१० मध्ये त्यांनी आधी ठराव मांडला. सरकारने विचार करू म्हटल्यावर मागे घेतला. त्याच वर्षी शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले आणि हारकोर्ट बटलर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्याचे पहिले प्रमुख सभासद झाले. पुढे काही हलेना, तेव्हा १६ मार्च १९११ ला गोखल्यांनी स्वतःचे बिल आणले. वर्षभर हे बिल प्रांतिक सरकारे, नगरपालिका, संस्था यांच्याकडे मतासाठी फिरले. १८ आणि १९ मार्च १९१२ ला कलकत्त्यात चर्चा झाली. मागणी फक्त एवढी होती, की बिल प्रवर समितीकडे, म्हणजे कलमे तपासणाऱ्या सभासदांच्या छोट्या समितीकडे, पाठवा. बाजूने १३, विरुद्ध ३८.

आता बिलात होते काय ते बघा, कारण गंमत तिथे आहे. ‘सक्ती’ हा शब्द ऐकून वाटते की उद्यापासून देशभर पोरे धरून शाळेत घालणार. तसे मुळीच नव्हते. सक्ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थेने, म्हणजे नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने ठरवायचे. तिने ठरवले तरी प्रांतिक सरकारची मंजुरी हवी. त्याआधी त्या भागातली ठरावीक टक्के मुले आपणहून शाळेत जात असली पाहिजेत, आणि तो टक्का ठरवणार भारत सरकार. गोखल्यांच्या डोळ्यांसमोर ३३ टक्क्यांचा आकडा होता. वय ६ ते १०. आधी फक्त मुलगे. घरापासून मैलभरात शाळा नसेल तर सूट, आजारपणाला सूट, घरची अडचण किंवा शेतीचा हंगाम असेल तरी सूट. बापाची मिळकत महिना १० रुपयांच्या आत असेल तर फी घ्यायची नाही. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसवता येईल, तीही मंजुरीने.

इतकी कुलुपे लावलेले बिलसुद्धा सरकारला नको होते. पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि मतदानाआधीच त्यांनी ते सांगून टाकले. इंग्लंडातही १८७० च्या कायद्याआधी किती प्रयत्न वाया गेले ते मला माहीत आहे, म्हणून मी तक्रारही करत नाही आणि खचणारही नाही. आमच्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांतूनच करता येणार आहे, असा त्या भाषणाचा आशय.

मला हे भाषण गोखल्यांच्या सगळ्या भाषणांत वरचे वाटते. तुम्हाला काय वाटते ते लिहा. इतरही बिलांवरच्या त्यांच्या भाषणांबद्दल बोलू.

निळी शाई

छान धागा. वाचतेय. पण ‘आधी फक्त मुलगे’ हे वाक्य तुम्ही जरा पटकन पुढे सरकवलेत, नाही का?

गुहागरी

@निळी शाई, मुलींना नंतर लागू करता येईल अशी सोय बिलात होती. १९१० च्या ठरावातही त्यांनी सक्ती मुलग्यांपुरतीच मागितली होती. का, तर मुलींच्या सक्तीचे नाव काढले असते तर जो थोडा पाठिंबा होता तोही गेला असता, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता की नाही यावर वाद घालू शकतो.

निळी शाई

घालणारच आहे. थांबा, नीट वाचून येते.

रिकामा न्हावी

पहिल्या दहात हजेरी लावून ठेवतो. ते १३ वीर कोण?

गुहागरी

पंडित मदनमोहन मालवीय होते. आणि बॅरिस्टर जिना. जिनांनी तर बिलाच्या बाजूने जोरदार भाषण केले होते. एकाच बाकावर गोखले, मालवीय आणि जिना, हे चित्र आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे विषय जवळचा. पण एक गोष्ट खटकते. सक्तीच्या शिक्षणाची चर्चा निघाली की गोखल्यांपासून सुरुवात का? १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनसमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात स्पष्ट आहे : सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करा. शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या. गोखल्यांच्या बिलाच्या ३० वर्षे आधी! आणि फुल्यांनी १२ वर्षे म्हटले, गोखल्यांनी १०.

गुहागरी

@खडूफळा सर, मागणी फुल्यांची आधीची आणि जास्त सडेतोड, यात दुमत नाही. ‘पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर’ हा प्रश्न गोखले तितक्या उघडपणे विचारत नाहीत. फुल्यांना कमिशनपुढे निवेदन देता आले, कायदेमंडळात बसता आले नाही, हाही त्या काळच्या व्यवस्थेचा दोष. माझा मुद्दा वेगळा आहे. मागणीचे कलमांत रूपांतर करणे हे वेगळ्या जातीचे काम. खर्च कोण देणार, फी कोणाची माफ, सूट कोणाला, मंजुरी कोणाची, हे सगळे लिहून काढले की विरोधकाला ‘तत्त्वतः मान्य आहे, पण...’ म्हणून सुटता येत नाही. त्याला प्रत्येक ‘पण’ सांगावा लागतो. बटलर आणि मंडळींना तो सांगावा लागला आणि आज आपण तो वाचू शकतो.

खडूफळा

हे पटले. तरी शीर्षकात फुल्यांना जागा हवी होती.

बडोद्याची मैना

आमच्या सयाजीरावांचे नाव अजून कसे नाही आले! गोखल्यांच्या १९११ च्या भाषणाचा कणाच बडोदा आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग, तो जमतो आहे असे दिसल्यावर १९०६ च्या सुमारास सगळ्या संस्थानात सक्ती. गोखले सांगतात : शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात शाळेत आहेत ७९.६ टक्के, ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५. मुलींचे तर बघाच, बडोद्यात ४७.६ आणि ब्रिटिश हिंदुस्थानात ४. दरडोई खर्च तिकडे साडेसहा पेन्स, इकडे एक.

@निळी शाई, हा मुलींचा आकडा तुमच्या कामाचा आहे. शेजारच्या संस्थानात निम्म्या मुली शाळेत जात होत्या, तेव्हा ‘मुलींची सक्ती लोकांना पचणार नाही’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

निळी शाई

अगदी! आकडा त्यांच्याच भाषणात, आणि निष्कर्ष मात्र अर्धाच काढला.

कलम_बहाद्दर

मसुदे लिहिण्याशी पोटापाण्याचा संबंध असल्याने दोन शब्द.

या बिलाचा साचा गोखल्यांनी आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यावरून आणि इंग्लंडच्या १८७० आणि १८७६ च्या कायद्यांवरून घेतला होता आणि हे त्यांनी लपवले नाही, उलट मुद्दाम सांगितले. हा डाव फार हुशारीचा. तुमच्याच घरात चाललेला कायदा आहे, तो वाईट कसा, असे विचारल्यावर समोरचा अडचणीत येतो. मग उत्तर एकच उरते, की हिंदुस्थान म्हणजे इंग्लंड नव्हे. त्यावर गोखल्यांकडे बडोदा आणि जपान तयार.

त्यांनी देशोदेशीची यादीच वाचून दाखवली होती. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के प्राथमिक शाळेत : अमेरिका २१, फ्रान्स १४ च्या वर, जपान ११, रशिया ४ ते ५, बडोदा ८ ते ९, ब्रिटिश हिंदुस्थान १.९. तेव्हा मागासलेपणाचे उदाहरण द्यायचे तर लोक झारच्या रशियाचे देत. त्याच्याही खाली आपण.

मसुद्यातला कच्चा दुवाही सांगतो. ‘शेतीच्या हंगामाची’ सूट. पेरणी, खुरपणी, राखण, काढणी, मळणी... कोकणात भात आणि देशावर ज्वारी धरली तर वर्षातला कोणता महिना हंगामाचा नाही ते दाखवा. एखाद्या पाटलाला पोरे शेतावर हवीच असतील तर या एका कलमातून अख्खा गाव बाहेर काढता आला असता. समितीत गेले असते तर हे कलम नक्कीच आवळले गेले असते. ती संधीच मिळाली नाही.

वऱ्हाडी ठसका

कलमभाऊ, तुमी म्हंता ते बराबर, पन त्या सुटीबिगर जमीनदारायनं एक मत तरी देल्लं असतं का? तसंबी नाई देल्लं म्हना. पोट्टे शिकले तं वावरात कोन राबन, हाच तं खरा प्रश्न होता. बाकी सारं नाटक.

कलम_बहाद्दर

हा हा, बरोबर. विरोधात फक्त गोरे साहेब नव्हते, आपलेही जमीनदार होते. ते विसरून चालत नाही.

गुहागरी

सरकारचा अधिकृत युक्तिवाद वेगळा होता. बटलर म्हणाले ते थोडक्यात असे : लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे विरुद्ध आहेत, पैसा नाही आणि आधी ऐच्छिक शिक्षण पसरवू, सक्ती मग. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. जिथे शाळाच नाही तिथे सक्ती कशाची, हा प्रश्न खराच आहे. पण गोखल्यांनी बिलाला जी टक्केवारीची अट घातली होती ती याच प्रश्नासाठी. जिथे शाळा आहेत आणि तिसरा हिस्सा मुले जातात, तिथेच सक्ती. म्हणजे बटलर ज्या बिलाला उत्तर देत होते ते गोखल्यांचे नव्हतेच, मनातले कुठले तरी दुसरेच होते.

आणि ‘पैसा नाही’ म्हणताना तीन महिन्यांपूर्वीच दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाखांची घोषणा झालेली होती. पुढे फेब्रुवारी १९१३ मध्ये सरकारने शैक्षणिक धोरणाचा ठराव काढला. त्यात सक्तीला नकार होता, पण प्राथमिक शिक्षणाच्या विस्ताराची कबुली होती. १३ मतांचा एवढा तरी परिणाम.

मंद्रसप्तक

सगळे आरतीच ओवाळत आहेत, म्हणून थोडा बेसूर लावतो.

१९१० चा प्रेस अ‍ॅक्ट. नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला डिसेंबर १९०९ मध्ये, आणि फेब्रुवारीत सरकारने हा कायदा घाईघाईने मंजूर करून घेतला. छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत, ती जप्त झाली तर पुढच्या वेळी १,००० ते १०,०००. छोट्या गावातल्या साप्ताहिकाला गळफासच. टिळक तेव्हा मंडालेत. मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी विरोध केला. आणि आमचे अभ्यासू गोखले? विरोध केला नाही. मुदत तीन वर्षांची करा एवढीच दुरुस्ती सुचवली, तीही पडली. बिलाला मात्र होकारच दिला.

कलमे उघडून दाखवणे वगैरे ठीक. पण जेव्हा सरळ ‘नाही’ म्हणायची वेळ होती तेव्हा हे काय केले?

रिकामा न्हावी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गुहागरी

@मंद्रसप्तक, याचे समर्थन मी करणार नाही. राजकीय खुनांनी हादरलेला माणूस होता, नव्या सुधारणा मागे घेतल्या जातील अशी भीती होती, हे सगळे खरे. तरी तो कायदा १२ वर्षे देशातल्या पत्रांच्या मानेवर बसला. गोखल्यांच्या कायदेमंडळातल्या हिशेबात ही ठळक वजाबाकी.

पण मग त्याच माणसाचे १९०७ चे भाषणही वाचा. सिमल्याला १ नोव्हेंबरला सरकारने राजद्रोही सभांचे बिल मंजूर करून घेतले. त्याला विरोध करणारे तिघे : गोखले, रासबिहारी घोष आणि नाभ्याचे टिक्कासाहेब. नाभ्याचा युवराज! संस्थानिकाचा मुलगा असून विरोधात.

त्या बिलातले एक कलम असे, की जाहीर केलेल्या भागात २० हून अधिक माणसे जमली तर ती सार्वजनिक सभाच मानायची. तशी नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी जमणाऱ्यांवर. आता आपल्याकडे २० माणसांत काय होते? मुंजीची पंगतसुद्धा बसत नाही. आणि पंगतीत राजकारण निघत नाही असे घर दाखवा.

वऱ्हाडी ठसका

आमच्या इकडं तं तेरवीच्या जेवनातबी निवडनूक निंगते. सारे अंदर गेले असते.

मंद्रसप्तक

१९०७ चे मान्य. पण त्यामुळे १९१० जास्तच खुपते. कलम वाचता येत होते, बोट ठेवता येत होते, तरी ठेवले नाही.

दुष्काळी नदी

१९०१ चे कोणी काढले नाही अजून. माझ्या मते गोखल्यांचे सगळ्यात वादग्रस्त आणि सगळ्यात वाचनीय प्रकरण ते.

पार्श्वभूमी : १८९६-९७ चा दुष्काळ, लगेच १८९९-१९०० चा. दख्खनची रयत मोडलेली. शेतसारा थकलेला. अशात मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लावून द्यायची, पण ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर. सरकारचे म्हणणे, यामुळे सावकाराच्या घशातून जमीन वाचेल. विरोधकांचे म्हणणे, यामुळे शेतकरी मालकाचा सरकारचे कूळ होईल.

ऑगस्ट १९०१, पुण्यात कायदेमंडळ भरले. बिल पुढे ढकला, लोकांचे मत घ्या, असे मेहतांनी सुचवले. सूचना पडली. मेहता उठून बाहेर गेले आणि पाठोपाठ गोखले आणि आणखी काही सभासद. सभात्याग हा प्रकार तेव्हा इतका नवा होता की अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या गोऱ्यांच्या, पत्रांनी आकाश डोक्यावर घेतले. आज अधिवेशनात रोज तीन होतात.

आता प्रश्न. हा विरोध रयतेसाठी होता की सावकारासाठी? कारण जमीन गहाण पडली नाही तर पोटात दुखणार ते सावकाराच्या.

खडूफळा

नेमका हाच प्रश्न मलाही पडतो. पुण्यातले वकील, इनामदार आणि सावकार एकमेकांच्या ओसरीवर बसणारे. रयतेची बाजू कोण मांडत होते तिथे?

दुष्काळी नदी

म्हणूनच वादग्रस्त म्हटले. पण दुसरी बाजूही खोटी नाही. माझे आजोळ माण तालुक्यातले, म्हणून सांगते : पाऊस गेला की बियाणाला आणि बैलाला पैसा लागतो, तोही मृग निघायच्या आत. सरकारची तगाई, म्हणजे शेतीसाठीचे सरकारी कर्ज, वेळेवर येत नसे. ज्याच्या जमिनीला तारण म्हणून किंमत नाही त्याला सावकारही उभा करत नाही. सावकार वाईट, पण सावकार काढून घेऊन त्या जागी काहीच ठेवले नाही तर पेरणी होत नाही.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचे बिल वरच्या कायदेमंडळात आले तेव्हा गोखल्यांनी त्याचे स्वागत केले आणि लगेच पुढचा मुद्दा मांडला : डोक्यावर जुने कर्ज तसेच असेल तर नव्या पतपेढीचा शेतकऱ्याला कितीसा उपयोग? आधी जुन्या कर्जाची सोडवणूक करा. हे वाचले की १९०१ चा विरोध निव्वळ सावकारधार्जिणा होता असे म्हणवत नाही. आणि निव्वळ रयतेचा होता असेही म्हणवत नाही. मी कुंपणावरच बसलेय.

कलम_बहाद्दर

कुंपणावर बसायला हे प्रकरण योग्यच आहे. सोसायट्यांच्या कर्जमाफीवर आज विधानसभेत जी भाषणे होतात त्यात हाच जुन्या कर्जाचा मुद्दा निघतो, आकडे तेवढे कोटीत गेले.

बडोद्याची मैना

बाळबोध प्रश्न : इतके आकडे आणायचे कुठून ते? तेव्हा ना संगणक, ना सभासदाला सचिव.

गुहागरी

बाळबोध अजिबात नाही. सरकारी अहवाल, खानेसुमारी, वित्त खात्याची पत्रके. न्यायमूर्ती रानड्यांकडे त्यांची तालीम झालेली. पण खरे टेकू होते गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शिक्षण खात्यात नोकरी करणारे, आकडेशास्त्रात पारंगत. अर्थसंकल्पावरच्या भाषणांच्या मागे जोशींची टिपणे असत. नाव कोणाला माहीत नाही बिचाऱ्यांचे.

२६ मार्च १९०२ चे पहिले अर्थसंकल्पी भाषण त्याचा नमुना. सरकार शिलकीचा अभिमान सांगत होते. गोखले म्हणाले, देशात दुष्काळ पडलेला असताना तिजोरीत शिल्लक दिसते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर. १९०३ मध्ये तो २ झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १. अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकारच सभासदांना नव्हता, तरी.

रिकामा न्हावी

म्हणजे कधी जिंकले का नाही मतदान? उगीच आपला एक प्रश्न.

गुहागरी

जिंकले की. २५ फेब्रुवारी १९१०. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांची भरती बंद करावी हा ठराव. सरकारनेच मान्य केला आणि जुलै १९११ पासून तिकडची पाठवणी थांबली. १९१२ मध्ये सगळीच गिरमिट पद्धत बंद करा असा ठराव आणला, तो पडला. चार वर्षांनी मालवीयांनी तसाच ठराव आणला तेव्हा सरकारने मान तुकवली.

वेंगुर्ल्याचा लाडू

गोखल्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणखी एका माणसाच्या हरलेल्या बिलाची आठवण करून देतो. (तेव्हा वेंगुर्लेही रत्नागिरीतच, सिंधुदुर्ग नंतर झाला.) बॅरिस्टर नाथ पै, राजापूरचे खासदार. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पैंनी एप्रिलमध्येच संसदेचा तो अधिकार परत आणणारे खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, अहवाल आला, चर्चा रंगल्या, त्यांच्याच समाजवादी मित्रांनी विरोध केला. १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले, वय जेमतेम ४८. त्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती आली, ती बव्हंशी तेच म्हणणारी. १९७३ च्या केशवानंद निकालाने ती वैध ठरवली, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही ही अट घालून.

मी स्वतः नाथ पैंच्या त्या विधेयकाच्या विरोधात आहे. चौकटीची अट नसती तर १९७५ नंतर काय झाले असते ते सांगायला नको. पण चर्चा वाचाव्या अशा आहेत.

कलम_बहाद्दर

उत्तम आठवण. खासगी विधेयकांचे नशीब तसेही फुटकेच. स्वातंत्र्यानंतर आजवर १४ मंजूर झाली, शेवटचे १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारी कामकाजाला येतात, तोवर निम्मे सदस्य विमानतळावर.

वऱ्हाडी ठसका

आन् उरलेले निम्मे कँटिनात. आमचा खासदार तं...

संपादक मंडळ

विद्यमान लोकप्रतिनिधींवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी राजकारण विभाग आहे. धागा विषयावर ठेवावा.

वऱ्हाडी ठसका

घ्या. २० हून जास्त मानसं जमली वाटते.

मंद्रसप्तक

हा प्रतिसाद मात्र उडवू नका.

निळी शाई

आले वाचून. आता माझे म्हणणे मांडते, लांबले तर सांभाळून घ्या.

गोखले १९१५ मध्ये गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात जवळजवळ गोखल्यांच्याच धर्तीचे, नगरपालिकांपुरते बिल मंजूर करून घेतले. इथेही सक्ती लागू करायची की नाही हे नगरपालिकेनेच ठरवायचे. इथवर सगळे ‘बिल हरले, कल्पना जिंकली’ या गोड कथेत बसते.

पण पुणे नगरपालिकेत काय झाले ते बघा. सक्ती करायची ठरली आणि प्रश्न आला : फक्त मुलग्यांना की मुलींनाही? खर्चाचे कारण पुढे करून मुलींना मागे ठेवणारा मोठा गट होता आणि त्यात टिळकपक्षाची वजनदार माणसे होती. विरुद्ध बाजूला सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेच्या रमाबाई रानडे. बायकांना घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या, सभा घेतल्या, मोर्चा नेला. पुण्यात बायकांचा मोर्चा, तोही मुलींच्या शाळेसाठी. टवाळी किती झाली असेल याची कल्पना करा.

हे भांडण पुण्यातल्या माणसांच्या दुष्टपणातून आले नाही, कायद्याच्या रचनेतून आले. ‘आधी मुलगे, मुली नंतर, आणि ठरवणार नगरपालिका’ असे लिहिले की प्रत्येक गावात हा सामना पुन्हा खेळावा लागणार. गोखल्यांनी कायदेमंडळातला विरोध टाळायला मुली बाजूला ठेवल्या, आणि मिळाले काय? तरीही १३ च मते. मुलींना घालून १३ मिळाली असती तर निदान मागून येणाऱ्यांना सुरुवात तिथून करता आली असती.

गुहागरी

१३ मिळाली नसती. पाच-सहा मिळाली असती.

निळी शाई

मग पाच-सहा. पडायचेच होते ना?

कलम_बहाद्दर

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण समितीत बसणारा माणूस म्हणून सांगतो, १३ आणि ५ यात फरक असतो. ५ मतांचे बिल पुन्हा कोणी हातात घेत नाही. विठ्ठलभाईंनी घेतले ते १३ चे.

निळी शाई

विठ्ठलभाईंनी घेतले आणि रमाबाईंना रस्त्यावर उतरावे लागले. दोन्ही एकाच मसुद्यातून.

दुष्काळी नदी

मी या कुंपणावरही बसू का?

गुहागरी

बसा, जागा आहे. बिलाचा पूर्ण मसुदा आणि बटलर यांचे उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी पुढे लिहावे. १९०४ च्या विद्यापीठ बिलावर वेगळा धागा काढतो. तिथे दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या पडल्या आणि समोर अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय कर्झन होते. सिनेटमध्ये बहुसंख्य जागा सरकारने भरायच्या असे ते बिल, आणि गोखले फर्ग्युसनमध्ये आयुष्य घातलेले. तो मजकूर इथे मावणार नाही.

खडूफळा

काढा. त्यात फुल्यांचे निवेदन पहिल्या परिच्छेदात घाला, उच्च शिक्षणाच्या खर्चाचा मुद्दा तिथेच लागू पडतो.

गुहागरी

घालतो.

रिकामा न्हावी

मी हजेरी आत्ताच लावून ठेवतो.